मागून येणारा ढग

ढग आणखी जवळ आला होता. वारा पूर्वेकडे वाहत होता, आणि ढग मात्र वाऱ्याला न जुमानता होडीच्या मागे पश्चिमेकडे येत होता. आकार उपड्या घातलेल्या टोपासारखा. खाली एकाखाली एक अशा तीन काळ्या कडा.

सुलांग मामा आणि त्याची भाची रुमिला तीन दिवस त्याच्यापासून दूर वल्हवत होती. रुमिलाची सात वर्षांची मुलगी इनाय दोघांच्या मध्ये बसली होती. तिच्या मांडीवर ओल्या पानात गुंडाळलेली एक मुळी होती. घरी तिचा धाकटा भाऊ तापाने फणफणत होता, त्याच्यासाठी. दूरच्या बेटावरची वैद्यीण मुळी फक्त रोग्याच्या भावंडाच्या हाती देते, म्हणून इनायला न्यावं लागलं. मुळी वाळली की निकामी. करवंटीतलं गोडं पाणी आधी पानावर शिंपडायचं, उरलं तर प्यायचं.

पण जायचं कुठे? त्यांचं बेट एका झोपलेल्या कासवाच्या पाठीवर वसलेलं. मासे काठालगतच मिळत, त्यामुळे तिघांपैकी कोणी आजवर लांब गेलं नव्हतं. ताऱ्यांच्या खुणेने ते अगदी नेमक्या जागी परतले, तर तिथे नुसतं पाणी. दुसऱ्या सकाळी हा ढग दिसला. यानेच बेट गिळलं, मामा म्हणाला, पोट बघ कसं फुगलंय. त्यानंतर होडीत कोणी फारसं बोललं नाही.

इनाय तर मुळीच नाही. निघताना मामाने तिला बजावलं होतं की मागे वळून पाहायचं नाही, कासव जागं होतं. पाहिलंस तर मान तशीच वाकडी राहील आणि खेकड्यासारखं आडवं चालावं लागेल, असं चिडवलंही होतं.

दुपारी पाणी संपलं. रुमिलाने करवंटी बोटाने पुसली आणि ते बोट पानावर फिरवलं. ते पाहून इनाय रडू लागली.

"आई, माझ्यामुळे बेट गेलं. मी मागे पाहिलं होतं."

रुमिलाचं वल्हं थांबलं. ती रागावणार तोच मामाने तिला हाताने अडवलं. पायातला काटा काढताना बोलावं तसा तो हळू बोलला.

"पाहिलंस तर पाहिलंस, बाळ. काय दिसलं तेवढं सांग."

"हाच ढग. आपल्या डोंगरावर बसलेला."

मामा बराच वेळ ढगाकडे पाहत राहिला. साठ वर्षं तो डोंगराच्या पायथ्याशी राहिला होता. तिथून वर पाहिलं की नुसतं करडं आभाळ दिसायचं. तो ढग आहे, त्या ढगाला टोपासारखा आकार आहे, कडा आहेत, हे मामाला कधी कळलंच नव्हतं.

त्याने होडी वळवली. संध्याकाळ व्हायच्या आत सर्वांत खालच्या कडेखाली एक हिरवी रेघ दिसू लागली. मग उखळात भात कांडल्याचा आवाज आला. इनायने पान चाचपलं. ते अजून ओलं होतं.

तीन दिवस ते ज्याच्यापासून पळत होते, ते त्यांचं घरच होतं. एका मुलीने मागे वळून पाहिलं, म्हणून तिच्या मागे निघालेलं.