आडातला वीर

"लपले होते हे खरं, पण त्यात पोलीस कुठले आणलेस तू?" नव्वदीच्या बयाआत्यांनी सुपारी कातरता कातरता विचारलं.

इतिहास मंडळाचे सचिव खांबेटे यांनी चहाचा कप खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी मंडळाची वारसा फेरी होती आणि शेवटी कोरड्या आडापाशी त्यांच्या आजोबांच्या फलकाचं अनावरण. 'इंग्रजांना चुकवून येथे तीन दिवस भूमिगत.' अक्षरं दगडात कोरून झाली होती. हयात साक्षीदार एकट्या बयाआत्या, म्हणून त्यांचं भाषण बसवायला ते आले होते.

"मग लपले कुणापासून?"

"तुझ्या आजीपासून! तिच्या पाटल्या चळवळीला देऊन मोकळे झाले, आणि घरी जायची छाती होईना."

"आणि तीन दिवस खाल्लं काय?"

"तिनेच पोहऱ्यातून भाकरी सोडली की! भाकरी खाली जायची, मागोमाग शिव्या. सगळी आळी ऐकायची. हेच सांगू ना उद्या?"

खांबेट्यांनी गार झालेला चहा संपवला. "नको, मीच सांगतो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फलकावरचा पडदा सरकवला आणि "हे चुकलंय," म्हणत पाटल्यांपासून सुरुवात केली. अध्यक्ष खाकरत राहिले. एरवी मंडळी फलकाशेजारी फोटो काढून नाश्त्याकडे वळतात. त्या दिवशी बायका फलक सोडून आडाच्या काठावर रेलल्या आणि भाकरी किती खोल सोडावी लागली असेल, ते वाकून बघू लागल्या.