सड्यावरची मोजणी

शलाका देवगडजवळच्या एका सड्यावर, म्हणजे उघड्या माळावरच्या कातळात, हजारो वर्षांपूर्वी कोरलेली चित्रं मोजून नोंदवायला एकटीच गेली होती. भरदुपारी ती लालबागला आईशी, सुनंदाबाईंशी, फोनवर बोलत होती, तेवढ्यात तिच्याभोवती माणसांचा गलका उठला.

"कंपनीसाठी जमीन मोजतंस? निघ सड्यावरसून!"

"नाही हो काका, मी फक्त ही चित्रं..."

"सगळे असाच सांगतत!"

फोन दगडावर आपटला, पण चालूच राहिला. सुनंदाबाईंना कळेना, पोलिसांना सांगायचं तरी काय, कुठला गाव, कुठला सडा? फोन कानाशी गच्च धरून त्या लेकीचं रडणं ऐकत राहिल्या. शेवटी एका म्हाताऱ्याचा करडा आवाज आला, "ह्या नोंदवून काय होतला?"

"नोंद झाली, की कंपनीला इथे खोदायची परवानगी सहजासहजी मिळणार नाही," शलाका हुंदके देत म्हणाली.

म्हाताऱ्याचा आवाज एकदम निवळला.



"मगे रडतंस कित्याक, बाय? पलीकडच्या सड्यावर आजून अकरा चित्रां आसत. चल, दाखवतंय."