नवापूरचा पत्ता

“झोप लागते का तुला?” तात्या चुरींनी विचारलं, आणि रूपलने चहाचा कप खाली ठेवला.

“लागते की.”

“डोळ्यांखाली काळं झालंय. साक्षीदाराचं टेन्शन आहे ना? कुठे आहे तो, सुखरूप आहे ना?”

घ्या, आले मुद्द्यावर! रूपल मनात म्हणाली. वरून नुसती हसली.

सीनियरच्या फायली उचलून उचलून नवे वकील खचतात आणि शेवटी धंदा सोडून बोईसरच्या कंपन्यांत नोकरी धरतात. म्हणून पालघरच्या काही ज्येष्ठ वकिलांनी एक उपक्रम सुरू केला होता. दर शुक्रवारी एका नव्या वकिलाने एका ज्येष्ठाबरोबर चहा प्यायचा आणि मन मोकळं करायचं. कल्पना झकास. पण रूपलच्या वाट्याला यावेत कोण, तर तात्या! ज्यांची अर्धी हयात तारापूरच्या कंपन्यांच्या बाजूने लढण्यात गेली.

आणि रूपलची पहिली स्वतंत्र केस नेमकी तारापूरच्याच एका कारखान्याविरुद्ध. तिची अशील रखमा, तिचा नवरा तिथे भाजून मेला होता. कंपनी म्हणत होती, तो त्या दिवशी कामावर नव्हताच. त्याला आत काम करताना पाहिलेला एकच माणूस बोलायला तयार होता, जिवल्या. त्यालाही धमक्या आल्या, तेव्हा रूपलने त्याला लपवून ठेवलं. कुठे, ते तिला आणि रखमाला सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. जिवल्या कोर्टात उभा राहिला, तरच रखमाच्या पोरांना काही मिळणार होतं.

“अगं, म्हातारा काय उगाच तुझ्या झोपेची चौकशी करतोय?” भावेश म्हणाला. भावेश राऊत तिच्याच बॅचचा. न विचारता दुसऱ्याच्या डब्यातली भाजी खाणारा, पण वेळेला धावून येणारा. “परवा मी त्यांना कंपनीच्या वकिलाच्या गाडीतून उतरताना पाहिलं.”

“गाडीतून कुणीही उतरतं रे.”

“मग परीक्षा घे ना. खोटा पत्ता दे. नवापूरला तुझ्या मावशीकडे आहे म्हणून सांग. बघू कोण जातं तिकडे.”

रूपलला ते पटलं. पुढच्या शुक्रवारी तात्यांनी पुन्हा तेच सुरू केलं. जेवलीस का, रविवारी तरी घरी बसतेस का, एवढं ओझं एकटीने उचलू नकोस. तिने आवाज खाली आणला आणि म्हणाली, “तात्या, तुम्हाला म्हणून सांगते. जिवल्या नवापूरला आहे, माझ्या शैलामावशीकडे.”

तात्यांनी कप बाजूला सारला. “हे मला सांगायला नको होतंस,” ते म्हणाले. कसला मानभावी माणूस, रूपलच्या मनात आलं.

दोन दिवसांनी मावशीचा फोन. “रूपल, कोण गो हा जिवल्या? दोन माणसं गाडीतून आली होती. अख्खं घर बघून गेली. माझी बोंबलाची टोपलीसुद्धा उचकून पाहिली मेल्यांनी! त्यात काय माणूस मावतो?”

रूपलला हसू आलं नाही. तिच्या पायांखालची जमीनच सरकली. शंका घेणं वेगळं आणि ती खरी निघणं वेगळं. ज्याने तिच्या जेवणाची चौकशी केली, त्यानेच तिला विकलं होतं.

तिने बाररूममध्ये सगळ्यांसमोर तात्यांना जाब विचारला. भावेश शेजारी उभा होता, म्हणून धीर आला.

“मी कुणाला काही सांगितलं नाही, पोरी,” तात्या म्हणाले.

“मग माणसं नवापूरला पोचली कशी?”

कुणीतरी म्हणालं, जुनी सवय जाते कुठे. तात्यांनी कोट हातावर घेतला आणि सफाळ्याला घरी निघून गेले. त्यानंतर ते कोर्टात दिसले नाहीत. शुक्रवारचा चहाही बंद पडला. बरं झालं, असंच रूपलला वाटलं.

साक्षीची तारीख आली. आदल्या दिवशी दुपारी भावेश म्हणाला, “जिवल्याला आणायला तू जाऊ नकोस. तुझ्यावर त्यांची नजर असणार. मी बाईकवरून आणतो. माझ्याकडे कुणाचं लक्ष जातंय!”

रूपल क्षणभर घुटमळली. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. असा सगळ्यांचाच संशय घेत बसलं तर जगायचं कसं? तिने पत्ता सांगितला. सरावलीत, कामगारांच्या खोल्यांमध्ये, रखमाच्या चुलतबहिणीकडे. त्या रात्री तिला कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली.

सकाळी कोर्टात रखमा धाकट्या पोराला मांडीवर घेऊन बाकावर बसली होती.

“ताई, जिवल्या नाय आला अजून?”

“येतोय. भावेश आणतोय त्याला.”

“रातीपासून बहिनीचा फोन लागत नाय.”

“रेंज नसेल गं. तू घाबरू नकोस.”

केस पुकारली गेली. रूपल उभी राहिली, साक्षीदार वाटेत आहे, थोडा वेळ द्यावा, असं म्हणाली. जज्जसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. तेवढ्यात भावेश दारातून आत आला. इस्त्रीचा कोट, गळ्यात वकिली नवाकोरा पांढरा बँड. रूपलचा जीव भांड्यात पडला. जिवल्याला बाहेर बसवलं असेल.

भावेश तिच्याजवळून पुढे गेला. कंपनीच्या वकिलांनी सरकून त्याला शेजारी जागा करून दिली.

“सर,” तो जज्जसाहेबांना म्हणाला, “आजपासून कंपनीतर्फे मीही आहे. हे माझं वकीलपत्र.”