खालची गाठ

"शेवटची गाठ खालच्या बाजूलाच का मारायचास रे?" केक कापता कापता टोवेने विचारलं.

"वर मारली तर बसणाऱ्याला टोचेल. एवढंही कळत नाही?" प्रेबेन म्हणाला.

"मी दातांची डॉक्टर. मला दातच कळतात." ती हसली. प्रेबेन हसला नाही.

फ्यून बेटावरच्या त्या गावातला खुर्च्यांचा कारखाना बंद होईपर्यंत प्रेबेनने तिथे एकतीस वर्षं कागदी दोरीच्या बैठका विणल्या होत्या. मग वेळ जाईना म्हणून तो हौशी फोटोवाल्यांच्या क्लबात आला. तिथे टोवे आधीपासून होती. गेली सहा वर्षं पहिला नंबर टोवेचा आणि दुसरा प्रेबेनचा. विषय कुत्री असो, धुकं असो नाहीतर गंजक्या सायकली, यात बदल नाही. क्लबाची चिटणीसही तीच. भिंतीवरच्या सूचनेपासून केकच्या पाळ्यांपर्यंत सगळं तिच्या हिरव्या शाईत.

या हिवाळ्याचा विषय होता खुर्ची. पहिला आलेला फोटो गावच्या वाचनालयात कायमचा लागणार होता, कारखान्याच्या जुन्या पाटीखाली, काढणाऱ्याच्या नावासकट. निदान खुर्चीवर तरी आपला हक्क आहे, असं प्रेबेनला वाटत होतं. तिथेही दातवालीचं नाव लागलं, तर गावात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

क्लबाची रीत ठरलेली. फोटोवर फक्त नंबर. मागे चिमट्याने लावलेलं बंद पाकीट, आत नावाची चिठ्ठी. मतं पडली की अध्यक्ष वर्नर एकूण एक पाकिटं फोडायचा. एकाला दोन फोटो देता येत. प्रेबेनला महिनाभर धडपडून एकच जमला: चर्चमधल्या बारा खुर्च्या, एका रांगेत. नंबर चार. फोटो चुकलेला नव्हता, पण त्यात जीवही नव्हता. हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

निकालाच्या दिवशी कॉफीची पाळी त्याची, म्हणून किल्ली त्याच्याकडे. तासभर आधीच येऊन त्याने दिवे लावले आणि मांडलेल्या फोटोंवरून नजर फिरवली. नऊ नंबरपाशी त्याचे पाय थांबले.

स्वयंपाकघराच्या फरशीवर उलटी ठेवलेली खुर्ची. खिडकीतून तिरपा उजेड. चारी पाय वर, आणि मधोमध बैठकीची कधी कुणाला न दिसणारी बाजू, गाठींनी भरलेली. शेवटची गाठ डावीकडे वळवलेली. अख्ख्या कारखान्यात डावखुरा तो एकटाच होता.

भोवती चार बोटं पांढरी किनार. अशी किनार टोवेच सोडते, हे सहा वर्षं तिच्यामागे दुसऱ्या आलेल्या प्रेबेनला पाहताक्षणी कळलं.

प्रेबेनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात माझे, गाठ माझी, आणि नाव लागणार हिचं! सहा वर्षं गिळलेला मत्सर एका दमात घशाशी आला.

त्याने चार आणि नऊची पाकिटं काढली आणि अदलाबदल करून लावली. टोवे बोलणार नाही याची खात्री होती. 'तो फोटो माझा' असं चारचौघांत उठून सांगणारं माणूस त्या गावात अजून जन्मायचं होतं.

सात वाजता मंडळी जमली. प्रत्येकाच्या हातात कॉफीचा एक दाणा, आवडेल त्या फोटोपुढच्या कपात टाकायला. नऊच्या कपात टपाटप दाणे पडू लागले.

"कुणीतरी खुर्ची उलटी पाडलीय आणि आपण सगळे तिच्या पाया पडतोय!" म्हातारी बोदिल म्हणाली. सगळे खिदळले.

टोवे प्रेबेनशेजारी येऊन उभी राहिली. "गाठ ओळखू आली?"

"न यायला काय झालं? मीच मारलीय."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली आणि कपाकडे वळली.

टोमणा मारून गेली, प्रेबेनला वाटलं. थांब थोडी.

दाणे मोजले गेले. एकोणीसपैकी चौदा नऊला. वर्नरने पाकीट फोडलं. "नऊ नंबर... आपला प्रेबेन!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात टोवे वाजवत होती. चेहऱ्यावर ना राग ना आश्चर्य, उलट डोळे चमकत होते. काय नाटकी बाई आहे, प्रेबेन मनात म्हणाला. बोदिलने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "सहा वर्षांनी सुटलास रे बाबा!"

विजेत्याची चिठ्ठी फोटोखाली टाचायचं काम चिटणिसाचं. टोवेने वर्नरच्या हातातून चिठ्ठी घेतली, टाचणी उचलली आणि तिची नजर अक्षरांवर गेली. सुताराच्या जाड पेन्सिलने काढलेली, डावीकडे कललेली अक्षरं. तिचा हात तसाच थांबला. मग तिने मान वळवून प्रेबेनकडे पाहिलं. तो कॉफीत साखर ढवळत राहिला. तो साखर घेत नसे.

"आता बाकीची," वर्नर म्हणाला. "चार नंबर."

आता तिचं नाव. प्रेबेनने चेहरा दगडासारखा केला.

वर्नरने चिठ्ठी उलगडली, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि बुचकळ्यात पडून ती सगळ्यांना दिसेल अशी धरली. हिरव्या शाईत लिहिलं होतं: 'प्रेबेन. गाठ त्याची, म्हणून फोटोही त्याचाच.'