पाठीमागची जागा

पदाच्या मधोमध जमुना नाचता नाचता थांबली.

यशोदा बाळकृष्णाला शोधते आहे, एवढंच दाखवायचं होतं. पण घिवली गावातल्या, मासे विकणाऱ्या हिराची ही पोर रंगमंचावर पहिल्यांदाच उभी होती. त्र्याहत्तर सालचा गणेशोत्सव; समोर वीजकेंद्राच्या वसाहतीतले साहेब, त्यांच्या बायका, भरलेला हॉल. तिचे हात हवेतच राहिले. कुणीतरी फिसकन हसलंसुद्धा.

रत्नाबाई बाजूच्या सतरंजीवर बसून गात होत्या. त्या उठल्या, टाळ वाजवत थेट तिच्या पाठीशी गेल्या आणि कानाशी गाऊ लागल्या. पोर पुढे सरकली की त्या पुढे, मागे आली की मागे. जमुनाचे हात सुटले, यशोदेला कृष्ण सापडला, टाळ्या पडल्या. मग कुठे रत्नाबाईंच्या ध्यानात आलं, आपण काय करून बसलो ते.

विंगेत जमुना त्यांना बिलगली. "बाई, तुमी मागं आल्या नं, मना सगला आठवला!"

तेवढ्यात मीनाक्षीमामी आल्याच. मामी तंजावरच्या, मोठ्या साहेबांच्या पत्नी. रत्नाबाईंचा नृत्याचा वर्ग त्यांच्याच शब्दावर चाले.

"छान हं," मामी म्हणाल्या. "पण असं मागे उभं राहून आता कुणी गातं का? आमच्याकडे पूर्वी देवळात नाचणाऱ्या बायकांच्या मागे त्यांची माणसं अशी उभी असत. घरंदाज मुली शिकायला लागल्या आणि ते बंद झालं. तुम्ही कुठे पाहिलंत?"

दक्षिणेतल्या देवळांमधलं हे नृत्य या मुलखात रत्नाबाईंनीच आणलं होतं. दारोदार फिरून, आपले वडील संस्कृतचे मास्तर होते असं सांगून एकेक मुलगी मिळवली होती. खरं कळलं तर उद्यापासून वर्गाकडे कुणी फिरकलं नसतं.

"माईला पन येते तसा गायाला," जमुना मध्येच म्हणाली. "ती रांधताना मना..."

"कोण माई?"

"आमची स्वयंपाकाची बाई," रत्नाबाई घाईघाईने म्हणाल्या.

माई विंगेच्या दारातच उभी होती. ती देवळात नाचायची तेव्हा तिच्यामागे उभं राहून गाणारी माणसं रत्नाबाईंनी लहानपणी रोज पाहिली होती. वसाहतीत आल्यापासून मात्र आईला आई म्हणायचं ते घराचं दार लावून घेतल्यावर.

माईने सगळं ऐकलं होतं. मामींकडे पाहून ती अदबीने हसली. मग कोपऱ्यातल्या रत्नाबाईंच्या चपला तिने उचलल्या, पदराने पुसल्या आणि वाकून त्यांच्या पायांशी नीट जोडून ठेवल्या.

"चला बाई, उशीर झाला."

जमुना बघत होती. मामीही बघत होत्या.

रत्नाबाईंनी चपलांत पाय घातले.