कशावरही चालणारं ब्लाऊज

"हर्षिता, सगळ्या साड्यांवर चालेल असं ब्लाऊज कुठल्या रंगाचं घ्यावं गं?" वसुमतीबाईंनी सुनेला विचारलं.

प्रणीतने चमकून आईकडे पाहिलं. बाबा गेल्यापासून तिने आरशात धड पाहिलंही नव्हतं. आणि आता हे? दुसऱ्या दिवशी ती कुणाला न सांगता मेट्रोने चिकपेटच्या कापडबाजारात जाऊन काळं ब्लाऊज घेऊन आली. मग कपाटाला कुलूप लावू लागली.

"या वयात हे मॅचिंग कुणासाठी?" तो बायकोजवळ कुजबुजला. "बागेत कुणी भेटतं का तिला?"

रविवारी त्याने आईला कपाट उघडायलाच लावलं. रेशमी साड्या तिने कधीच वाटून टाकल्या होत्या. उरल्या होत्या चार सुती साड्या, चारही त्या एकाच ब्लाऊजवर जाणाऱ्या.

"आई, खरं सांग. कुठे जायचं ठरवलंयस?"

"ठरवलंय ते तुम्ही दोघा भावांनी," घडी नीट करत ती म्हणाली. "त्या दिवशी तुझ्या अण्णाशी फोनवर बोलत होतास ना, सहा महिने इथे, सहा महिने त्याच्याकडे हुबळीला. सारखं जायचं-यायचं, तर सगळं एका बॅगेत मावायला नको का रे?"