धूमकेतूचा माग

कल्याण दारात येऊन उभा राहिला, तेव्हा राजनंदिनीनं त्याला आत ये म्हटलं नाही.

दोघांनी मिळून सुरू केलेलं चॅनेल आता तिच्या एकटीचं होतं. 'सातवी कक्षा' या अंतराळातल्या मालिकेत लपवलेल्या खुणा शोधायच्या आणि पुढं काय होणार याचे अंदाज बांधायचे, एवढाच त्या चॅनेलचा उद्योग. खुणा कल्याण शोधायचा. राहुरीहून एसटीनं नगरला यायचा, तिला सगळं समजावून सांगायचा. कॅमेऱ्यासमोर ती बोलायची. उन्हाळ्यात त्यानं स्वतःचं चॅनेल काढलं आणि निम्मे प्रेक्षक त्याच्या मागं गेले.

प्रेक्षकांबद्दल तिचं मत कधीच चांगलं नव्हतं. यानातलं घड्याळ बंद दिसलं की नायक मेला, भिंतीवर त्रिकोण दिसला की परग्रहवाले आले. दिग्दर्शक बोट दाखवील तिथंच बघायचं आणि आपल्याला शोध लागला म्हणून नाचायचं. यांच्यापेक्षा मेंढरं बरी, असं ती म्हणायची.

कल्याण गेल्यावर थोड्याच दिवसांत तिच्या चॅनेलवर 'धूमकेतू' नावाचा कुणीतरी प्रतिक्रिया लिहायला लागला. प्रत्येक अंदाजाखाली नुसती घाण. तिला शिव्या, प्रेक्षकांना शिव्या. जामखेडची सिमरन नावाची शिक्षिका हौसेनं आपले अंदाज लिहायची. तिच्या रूपावरून त्यानं असं काही लिहिलं, की तिनं तिथं येणंच सोडलं.

मग मंडळी मालिका सोडून धूमकेतूच्या मागं लागली. तो 'लई' आणि 'हाय' लिहितो, राहुरीकडं बोलतात तसं. राहुरीत वीज गेल्याचं त्यानं एकदा लिहिलंय. आणि कल्याण क्लासमध्ये विज्ञान शिकवतो, त्या वेळात तो कधीच लिहीत नाही. भिंगारच्या आवेजनं हे सगळं जुळवून एक व्हिडिओच केला. राजनंदिनी मात्र सांगत राहिली, की पक्का पुरावा असल्याशिवाय कुणाचं नाव घेऊ नका. लोकांना तिचं आणखीच कौतुक वाटलं.

व्हिडिओ फिरत फिरत पालकांपर्यंत पोचला. क्लासच्या मालकानं कल्याणला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

आता तो दारात होता. दाढी वाढलेली. घरात आईसुद्धा बोलत नाही, असं त्यानं खाली बघत सांगितलं.

"लोकांचं जाऊ दे. तुला तरी वाटतं का, मी असं लिहीन?"

"नाही वाटत," ती म्हणाली.

त्याचा चेहरा एकदम सैल झाला. "मग तेवढं एकदा कॅमेऱ्यासमोर सांग. तुझं ऐकतील ते."

"त्यांना खुणा सापडल्यात, कल्याण. एकदा खुणा सापडल्या की ते कुणाचं ऐकत नाहीत. तुला ठाऊक आहे की."

मग तो म्हणाला, की संध्याकाळी स्वतःच सगळ्यांसमोर येऊन, आईची शपथ घेऊन बोलणार आहे. माणसं इतकीही वाईट नसतात. खरं बोललं की ऐकतात.

"बोल की," ती म्हणाली.

जिना उतरता उतरता त्यानं तिचे आभार मानले.

तिनं दार लावलं, कपाटातून दुसरा मोबाईल काढला आणि धूमकेतूच्या खात्यावरून लिहिलं, "माफ करा. मीच हुतो. कल्याण."